आपांची सायकल

आमच्या शाळेतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या आपा रोज सकाळी बागेत सायकल चालवतात. फजरची नमाज झाली, चहा झाला की निघतात. बागेच्या कडेकडेने सावकाश चार-पाच फेऱ्या, मध्ये एखाद्या बाकावर बसणं, मग परत एक फेरी. वेग इतका की पायी चालणारी मंडळी सहज पुढे निघून जातात. या एवढ्याशा गोष्टीचा मोहल्ल्यात केवढा बोभाटा!

"शुगर निघाली का?" हा पहिला प्रश्न. "डॉक्टरांनी सांगितलं असेल," हा दुसरा अंदाज. आपा म्हणतात, "नाही, मला आवडतं म्हणून." यावर समोरच्याला काय बोलावं कळत नाही. आजाराचं कारण दिलं असतं तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. बाईने, त्यातही वय झालेल्या बाईने, नुसत्या आनंदासाठी अर्धा तास घालवावा हे आपल्याला पचतच नाही. खोटं कशाला बोलू, मीही त्यांना म्हणाले होते, "आपा, इस उमर में? लोगां क्या बोलेंगे?" त्या हसल्या. "लोगां तो मेरे कू बीएड करते वक्त बी बोले थे."

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून शब्दांकडे लक्ष जातं. मराठीत आपण 'निवृत्त' म्हणतो, म्हणजे कामातून मागे फिरलेला. उर्दूत नोकरी संपली की माणूस 'सुबुकदोश' होतो. सुबुक म्हणजे हलका, दोश म्हणजे खांदा. ज्याचे खांदे हलके झाले तो. शब्द सुंदर आहे, पण बायकांच्या बाबतीत तो खरा होताना मी फार कमी पाहिला. पुरुष निवृत्त झाला की त्याला चहाचं हॉटेल आहे, मशिदीबाहेरचा ओटा आहे, चौक आहे. बाई निवृत्त झाली की सुनेची सुट्टी सुरू होते, असं आपाच गमतीने म्हणतात.

त्या सायकल शिकल्या जुन्या जालन्यात, तासावर भाड्याने मिळणाऱ्या सायकलवर, भावाच्या मागे लागून. सातवीनंतर ती बंद झाली. आज मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, ही चांगलीच गोष्ट. पण ती सायकल शाळेत जाण्यासाठी. शिक्षण थांबलं, निकाह ठरला, की ती धाकट्या भावाकडे जाते. मुलगी परत कधी सायकलवर बसेल हे कोणी विचारत नाही.

रस्त्यावर का नाही चालवत, असंही विचारतात. एमआयडीसीकडून सळया भरून येणाऱ्या ट्रकच्या शेजारून जालन्यात साठीजवळची बाई सायकल चालवणार कशी? राहिली बाग. तिथे वॉचमन म्हणतो, सायकल आत नाही. त्याचंही चुकत नाही, लहान मुलं धावत असतात, कोणाला लागलं तर? पण सकाळी सातपर्यंत बाहेरची वाट सायकलींना मोकळी ठेवायला काय हरकत आहे? २०२३ मध्ये आपल्या नगरपालिकेची महानगरपालिका झाली. मोती बागेपासून गल्लीतल्या छोट्या बागेपर्यंत कुठेही एक पट्टा आखायचा, तर लागेल थोडा चुना आणि एक पाटी.

एक गोष्ट मात्र मनात सलते. आपांची ही फुरसत पेन्शनवर उभी आहे. दर महिन्याला पैसे येतात, म्हणून शिकवण्या घ्याव्या लागत नाहीत. माझी नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची, म्हणजे जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ च्या संपात आम्ही त्यासाठीच उतरलो होतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी माझे खांदे हलके होतील की नाही, कोण जाणे.

मागच्या रविवारी आपांनी मला बागेत बोलावलं. बुरख्याचा घेर साखळीत जाऊ नये म्हणून सेफ्टी पिन लावून दिली आणि कॅरिअर धरून मागे चालू लागल्या. दुसऱ्या फेरीला त्यांनी हात सोडला होता, हे मला वळणावर कळलं. तेवढ्यात वॉचमनने शिट्टी वाजवली. आपा त्याच्याशी बोलत थांबल्या. मी तिसऱ्या फेरीला निघाले.