केराचा आठवडा

केर काढण्यावरून मायलेकींची कधी वादावादी झाली नाही, असं एक तरी घर मला दाखवा! आमच्या वन्संकडे ती रोजची होती. “माझा अभ्यास आहे” ही भाचीची ठरलेली सबब. शेवटी वन्संनी तिच्या हातात केरसुणी द्यायचंच सोडून दिलं. ही मुलगी दीड वर्षापूर्वी इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीत स्टुटगार्टला गेली, आणि तिची पहिली फजिती झाली ती नेमकी केरावरूनच!

जायच्या आधी महिनाभर वन्संची धांदल काय वर्णावी! मेतकूट, गोडा मसाला, लसणीची चटणी. पेढ्यांचा डबा मात्र शेवटच्या क्षणी बॅगेतून काढावा लागला. बाहेरून युरोपात जाणाऱ्या प्रवाशांना दूधदुभत्याचे पदार्थ बरोबर नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही चालत नाही. तुमच्याकडचं कुणी निघालं असेल तर आधीच लक्षात ठेवा बरं का!

तर तिकडे जाऊन तीन आठवडे झाले असतील. संध्याकाळी भाची घरी येते तो दाराला एक पाटी लटकलेली. तिच्यावर लिहिलेलं, ‘केरवॉखं’. तिकडे ‘केरेन’ म्हणजे झाडणं आणि ‘वॉखं’ म्हणजे आठवडा. आहे की नाही गंमत? केर तिथेही केरच! त्या भागातली ही जुनी रीत. जिना, दारापुढची वाट हे सगळं भाडेकरूंनी पाळीपाळीनं झाडायचं. पाटी ज्याच्या दारावर, तो आठवडा त्याचा. काम झालं की पाटी शेजारच्या दारावर!

आमच्या बाईसाहेबांनी पाटी पाहिली आणि खुशाल दार लावून घेतलं. शनिवारी खालच्या मजल्यावरच्या आजींनी घंटा वाजवली. हातात झाडू, बादली आणि फडकं! एक अक्षर जास्त न बोलता त्यांनी पायरी कशी पुसायची, कोपऱ्यातून फडकं कसं फिरवायचं ते करून दाखवलं आणि सगळं तिच्या हाती देऊन त्या निघून गेल्या. फोनवर भाची रडकुंडीला आली होती. “मामी, असा अपमान माझा कुणी केला नव्हता गं!”

पुढे डिसेंबर आला. तिथे तेव्हा दुपारी साडेचारलाच अंधार पडतो. भाचीला एका शुक्रवारी ताप भरला. शनिवारी उठवेना. रविवार उजाडला तेव्हा घरात ना गोळी ना फळ. तिथे रविवारी दुकानं बंद असतात. साधी पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा औषधाच्या दुकानाखेरीज मिळत नाही, आणि ती दुकानंही रविवारी पाळीनं एखाददुसरंच उघडं.

त्या आठवड्यात पाटी तिच्याच दारावर होती. जिना झाडलेला नाही हे पाहून आजी आल्या त्या रागावूनच. दार उघडलं, पोरीचा चेहरा पाहिला आणि त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी फोन करून उघडं दुकान शोधलं, गोळ्या आणल्या, गरम सूप दिलं. आणि जाताना पाटी काढून स्वतःच्या दारावर लावली!

हे सगळं भाचीनं मला सांगितलं ते चार दिवसांनी, आणि वर अट घातली, “आईला सांगू नकोस हं.” का, तर सुरुवातीला एकदा बोट भाजल्याचं सांगितलं, तेव्हा वन्सं दिवसभर जेवल्या नव्हत्या आणि “परत ये” म्हणून रडल्या होत्या. तेव्हापासून लेकीचं उत्तर ठरलेलं, “सगळं छान आहे आई.”

काय करावं मला सुचेना. शेवटी म्हटलं, “दोन दिवसांत तू सांग, नाहीतर मी सांगेन.” तिनं सांगितलं. वन्सं रडल्या, आणि मग माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. “तुला कळलं आणि मला, आईला, नाही?” त्यांचं चुकलं असं मी कशी म्हणू? पण नवव्या दिवशी त्यांचाच फोन आला. “वहिनी, मीच तिचं तोंड बंद केलं गं.”

मैत्रिणींनो, म्हणून सांगते. मूल परदेशी जाणार असेल तर डब्यांबरोबर काही गोष्टी आधी शिकवून ठेवा. केर, फरशी, संडास साफ करणं मुलगा असो की मुलगी, आलंच पाहिजे. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह बरोबर द्या. जर्मनीत असेल तर तातडीसाठी ११२ आणि दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७ हे नंबर पाठ करून घ्या. औषधाचं दुकान बंद असलं तरी त्या दिवशी कुठलं उघडं आहे ते त्याच्या दारावर लिहिलेलं असतं. शेजाऱ्यांशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्यायला सांगा. आणि फोन वेळ पाहून करा. आपलं घड्याळ त्यांच्या उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असतं, हिवाळ्यात साडेचार.

पण शिकायचं आपल्यालाही आहे. मूल काही वाईट सांगेल तेव्हा आधी ऐकून घ्यायचं आणि रडायचं ते फोन ठेवल्यावर! हल्ली वन्सं “जेवलीस का?” च्या आधी विचारतात, “आज काय फजिती झाली?” मग अर्धा तास दोघी हसत असतात.

आणि हो, आजींसाठी वन्संनी क्रोशाचा रुमाल विणायला घेतलाय. पार्सलमध्ये एक केरसुणीही घालावी म्हणतात. मी म्हटलं, “वन्सं, ती लेकीला द्यायची राहून गेली होती ना?”