ठेका आधी की हशा आधी?

दूरचित्रवाणीवरील विनोदाला पार्श्वसंगीताची जोड देणे म्हणजे पंगू कोटीच्या काखेत कुबडी देणे होय, असा आक्षेप आमच्या रिद्धपुरातील विद्वान मंडळींत वारंवार ऐकू येतो. आणि महानुभाव पंथाच्या श्रीगोविंदप्रभूंचे चरित्र लिहिणाऱ्या म्हाइंभटांचे लेखन याच गावी झालेले असल्यामुळे त्यांना दाखल्यासाठी दूर जावे लागत नाही. श्रीगोविंदप्रभूंचे कोणाच्याही घरात शिरणे, स्वतःशीच हसणे, बालकासारखे हट्ट धरणे हे सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या गद्यात वाचताना आजही हसू फुटते, तेव्हा मागे कोणी मृदंग घेऊन बसला होता काय, असा त्यांचा सवाल असतो.

सवाल बिनतोड दिसतो, पण तसा तो नाही. त्याच चरित्रात प्रभूंचे ठरावीक उद्गार लीळेमागून लीळेत येत राहतात आणि ऐकणाऱ्याचा कान त्यांची वाट पाहू लागतो. वाद्य नसेल, ठेका होता. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्याची कोटी पडताच ढोलकीवाला जी थाप देतो, तिचे काम याहून निराळे नाही. तेव्हा २०१४ साली सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ या दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमात तुषार देवल यांची संगीतसाथ आली, ती परकी चाल नव्हे, ढोलकीवाल्याचेच ते वतन होय.

परकी वस्तू निराळी. अमेरिकेत चार्ल्स डग्लस नामक तंत्रज्ञाने गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात ध्वनिमुद्रित हास्याचे यंत्र सिद्ध केले, आणि त्या यंत्राने प्रेक्षकाच्या वतीने हसण्याची मुखत्यारीच घेतली. संगीत अशी मुखत्यारी घेत नाही. नाट्यगृहात शेजारच्याच्या हसण्याने आपल्याला धीर येतो. घरी दोन माणसे आणि एक दूरचित्रवाणीची पेटी, तेथे कोटी संपली, आता श्वास सोडा, एवढीच वर्दी संगीत देते.

अर्थात वाक्यागणिक ‘टुंग’ वाजविणाऱ्यांची वकिली मला करावयाची नाही. कारकुनाने दफ्तरातील कोऱ्या कागदावरही शिक्का उमटवावा, तसा तो प्रकार. त्याच कार्यक्रमातले आमच्या अमरावतीकडचे नट भारत गणेशपुरे वऱ्हाडी हेल काढून वाक्य लांबवितात, तेव्हा त्या लांबणीतच निम्मा विनोद असतो. तो हेल पुरता खाली उतरण्यापूर्वी वाद्य बोलले की सगळा मामला फसला.

हे मला ग्रंथांनी नव्हे, भिंतीने शिकविले. शेजारच्या घरातील दूरचित्रवाणीचे शब्द माझ्याकडे पोचत नाहीत; थाप आणि हशा तेवढे पोचतात. काही दिवसांत ध्यानी आले की हशाचा पहिला सूर उमटला आणि त्यावर थाप पडली, तर हशा दुणावतो. थाप आधी पडली, तर पलीकडे नुसती भांडी वाजत राहतात. एकदा मी असाच कान लावून बसलो असता त्या घरचा मुलगा दारात येऊन ओशाळून म्हणाला, “काकाजी, टीव्हीचा तरास होते काय? कमी करू काय?”

मी म्हटले, “नको रे, जरा वाढव. थाप ऐकू येते, बोलणं ऐकू येत नाही.”