निर्देशांक आमच्या पासबुकालाही लागू व्हावा

मा. संजय मल्होत्रा,
गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई



मी बोर्डीचा. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्याचे हे समुद्रकाठचे टोक, पुढे थोड्याच अंतरावर गुजरातची हद्द लागते. घोलवडला गाडी पकडून बोईसरला उतरायचे आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जायचे, अशी माझी नोकरी झाली. शेवटची बरीच वर्षे हिशेब खात्यात होतो. 2014 साली निवृत्त झालो. मागणी करायची तर आकडे समोर ठेवून करावी, ही त्या खात्याची शिस्त, म्हणून आधी आकडेच मांडतो.

ऑगस्ट 2014 मध्ये निवृत्तीच्या पैशांतले 15 लाख रुपये पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. तेव्हा एका माणसाला तेवढीच मर्यादा होती. व्याज 9.2 टक्के, म्हणजे तिमाहीला 34,500 रुपये. पाच वर्षांनी मुदत भरली आणि खाते पुढे तीन वर्षांसाठी वाढवले, तेव्हा दर 8.6 टक्के झाला होता. तिमाहीचे 32,250 झाले. ऑगस्ट 2022 मध्ये तीही मुदत संपली. नवे खाते उघडले ते 7.4 टक्क्यांनी, हातात 27,750. पुढे एप्रिल 2023 मध्ये दर 8.2 झाला, पण या योजनेत ज्या दिवशी पैसे ठेवले त्या दिवशीचा दर पाच वर्षे चिकटून राहतो. पोस्टातल्या ताईंनी पैसे काढायच्या स्लिपमागे हिशेब करून दाखवला: खाते मोडले तर दीड टक्का, म्हणजे 22,500 रुपये कापले जातील, पण वर्षाला 12,000 रुपये जास्त मिळतील, दोन वर्षांत भरपाई होईल. वर्ष उलटताच खाते मोडले, कापलेली रक्कम खिशातून घालून पुन्हा 15 लाख ठेवले. आता तिमाहीला 30,750 मिळतात.

ऑगस्ट 2014 ते ऑगस्ट 2023 या नऊ वर्षांत किरकोळ किमतींचा निर्देशांक दीडपटीच्या वर गेला. पासबुकावरचा आकडा त्याच काळात 34,500 वरून 30,750 वर उतरला. यात मी कुठला जुगार खेळलो नाही, कुणाच्या नादी लागलो नाही. सरकारने म्हाताऱ्यांसाठी काढलेली सगळ्यात चांगली योजना घेतली, मुदती पाळल्या, संधी मिळताच दर वाढवून घेतला. पोस्टाचीही यात काही चूक नाही. योजनेची रचनाच अशी आहे की महागाईचा भार पूर्णपणे पैसे ठेवणाऱ्याच्या डोक्यावर येतो.

भविष्य निर्वाह निधीच्या 1995 च्या योजनेतून मला पेन्शनही मिळते, अडीच हजारांच्या आत. 2014 साली जो आकडा ठरला तोच आजही बँकेत जमा होतो, त्यावर महागाई भत्ता नाही. सप्टेंबर 2014 मध्ये या योजनेतले किमान पेन्शन 1,000 रुपये ठरले. ते वाढावे म्हणून बुलढाण्यात निवृत्त कामगार साखळी उपोषणाला बसले, हे आपल्या वाचनात आले असेल.

आमच्या गावात शिक्षणसंस्था जुन्या आणि मोठ्या, आचार्य भिसे यांच्या काळापासूनच्या. त्यामुळे निवृत्त शिक्षक पुष्कळ. संध्याकाळी सुरूच्या बनात फिरायला जातो तेव्हा आम्ही सगळे एकत्रच असतो. त्यांच्या पेन्शनवर वर्षातून दोनदा महागाई भत्त्याचा विचार होतो आणि मला त्यांचा हेवा वाटत नाही. चाळीस-चाळीस वर्षे त्यांनी आमची मुले शिकवली. पण डाळ, तेल, गॅस, बोंबील आम्ही एकाच बाजारातून, एकाच भावाने आणतो. नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलेल्या शिक्षकांना ते जुने पेन्शन नाही, त्यासाठी मार्च 2023 मध्ये राज्यभर संप झाला. त्यानंतर केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना आणली आणि तिच्यात पेन्शनला निर्देशांकाची जोड दिली. निवृत्ताचे उत्पन्न महागाईबरोबर वाढले पाहिजे हे तत्त्व सरकारला मान्य आहे, असाच याचा अर्थ मी घेतो.

निर्देशांकाची जोड आणखी कुणाकुणाला आहे, तेही पाहू. आवश्यक औषधांच्या कमाल किमती घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे दरवर्षी बदलतात. एप्रिल 2022 मध्ये कंपन्यांना 10.76 टक्के वाढवायची मुभा मिळाली, पुढच्या एप्रिलमध्ये 12.12 टक्के. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या अनेक गोळ्या आवश्यक औषधांच्या यादीत येतात, आणि त्या कोण घेते हे सांगायला नको. आमच्या तालुक्यात चारोटीला महामार्गावर टोलनाका आहे. राष्ट्रीय महामार्गांचे टोलचे दर सुधारताना घाऊक निर्देशांकच धरतात. मोठ्या दवाखान्यासाठी महामार्गाने जाताना गाडी भाड्याने घेतली तर त्या वाढीतला वाटा आमच्या भाड्यात येतो. आरोग्य विम्याचा हप्ता ज्येष्ठांसाठी वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी नियामकाशी बोलावे, असे जानेवारी 2025 मध्ये ठरले. निर्णय चांगलाच आहे. पण वर्षाला 10 टक्के ही वाढ सात-आठ वर्षांत हप्ता दुप्पट करते. रेल्वेच्या तिकिटातली ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये थांबली. पुरुषांना 40 आणि स्त्रियांना 50 टक्के सूट होती. एसटीने मात्र 65 नंतर अर्धे तिकीट चालू ठेवले आहे, त्याबद्दल महामंडळाचे मनापासून आभार.

औषध कंपनीला निर्देशांक आहे, रस्ता बांधणाऱ्याला आहे, सरकारी नोकराला आहे. फक्त स्वतःच्या साठवणीवर जगणाऱ्या माणसाला नाही.

मग अशा माणसाने करायचे काय? शेअर बाजारात जा, असे जाणकार सांगतात. माझेही थोडे पैसे इंडेक्स फंडात आहेत आणि महागाईला मागे टाकले ते त्यांनीच, हे मी कबूल करतो. पण 23 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स 26 हजारांच्या खाली बंद झाला, दोन महिन्यांपूर्वी तो 41 हजारांच्या घरात होता. पगारदार माणूस अशा वेळी थांबू शकतो. दरमहा त्यातूनच घरखर्च काढणाऱ्याला थांबता येत नाही, पडलेल्या भावात जास्त युनिट विकावी लागतात आणि बाजार वर येतो तेव्हा ती युनिट त्याच्याकडे उरलेली नसतात. ज्याच्याकडे 50 लाख आहेत त्याने 15 लाख बाजारात ठेवावेत, हे बरोबर. ज्याच्याकडे सगळे मिळून 12 लाख आहेत आणि घरात एक आजारी माणूस आहे, त्याला हा सल्ला मी देऊ धजत नाही.

असा माणूस मग अर्धा-पाऊण टक्का जास्त व्याज देणारी बँक शोधतो. त्याचे काय होते ते आपल्या बँकेइतके कुणाला ठाऊक नसेल. पुण्याच्या रुपी बँकेवर 2013 मध्ये निर्बंध आले आणि 2022 मध्ये तिचा परवाना गेला. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, फेब्रुवारी 2025 मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक यांच्यावरही निर्बंध आले. निर्बंध घालणे आपल्याला भाग होते, आणि ठेवींचे विमा संरक्षण 2020 मध्ये एक लाखावरून पाच लाख झाले हा मोठाच दिलासा. तरीही बँकेच्या दाराशी रांगेत उभे राहिलेले ते वृद्ध चेहरे टीव्हीवर पाहिले तेव्हा मला वाटले, यातले कितीतरी जण लोभाने नव्हे, महागाईच्या धास्तीने इथे आले असतील.

आता मूळ विनंती. डिसेंबर 2013 मध्ये, डॉ. रघुराम राजन गव्हर्नर असताना, केंद्र सरकारने रिझर्व्ह बँकेच्या सल्ल्याने महागाई निर्देशांकाशी जोडलेले राष्ट्रीय बचत रोखे आणले होते. ग्राहक किंमत निर्देशांकाची वाढ आणि वर दीड टक्का, मुदत दहा वर्षे. कल्पना उत्तम होती. पण मार्च 2014 अखेर विक्री बंद झाली, प्रतिसाद फारच थोडा मिळाला. का मिळाला नाही, ते त्याच वर्षी निवृत्त झालेला माणूस म्हणून सांगतो. व्याज मुद्दलात साचत जाणार आणि सगळे दहा वर्षांनी एकदम मिळणार, अशी ती रचना होती. निवृत्ताला पैसा दर महिन्याला लागतो. सुरुवातीची मर्यादा पाच लाख होती. विक्री बँकांमधून होती, पोस्टाच्या खिडकीवर ते रोखे मिळतच नव्हते. आणि त्या काळात साध्या मुदत ठेवीवरच नऊ टक्के मिळत होते. ते रोखे ज्यांच्यासाठी होते त्यांच्या गरजेलाच बसले नाहीत. त्यावरून लोकांना महागाईपासून संरक्षण नको आहे, असा निष्कर्ष कुणी काढू नये.

आमच्या गरजेला बसेल असा रोखा कसा असावा? समजा 60 वर्षांवरच्या माणसाने 15 लाख दिले. वीस वर्षे त्याला दरमहा रक्कम मिळत राहावी, ती निर्देशांकाबरोबर दरवर्षी वाढावी आणि विसाव्या वर्षाअखेर मुद्दलासकट सगळे फिटावे. महागाईच्या वर 2013 चाच दीड टक्का धरला तर पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे 7,300 रुपये बसतात. आज 8.2 टक्क्यांनी तेवढ्याच रकमेवर महिन्याला 10,250 पडतात, म्हणजे सुरुवात कमीवरच होते. पण महागाई पाच टक्क्यांनी चालली तर आठव्या वर्षी हा रोखा 10,250 ला गाठतो आणि विसाव्या वर्षी 18 हजारांच्या पुढे जातो. मागे मुलांसाठी काही उरत नाही, हे खरे. म्हणून सगळी पुंजी यात घालावी असे मी म्हणत नाही. सत्तरीनंतर, औषधांचा खर्च वाढत असताना आणि हिशेब ठेवायची ताकद कमी होत असताना, किराणा आणि गोळ्या यांची खात्री या एका रोख्याने व्हावी. तो माणूस मधेच गेला तर उरलेली वर्षे रक्कम पत्नीला किंवा वारसाला चालू राहावी.

सरकारवर बोजा येईल, असे म्हटले जाईल. महागाई वाढली की जीएसटीचे उत्पन्नही वाढते, कारण तो कर किमतीवरच बसतो. महागाईचा भार पेलायची ताकद देशात कुणात असेल तर ती सरकारच्या तिजोरीत आहे, सत्तरीच्या विधवेत नाही. आणि सरकारने याहून मोठी जोखीम घेतलेली आहे. सोन्याच्या भावाशी जोडलेले सुवर्ण रोखे नोव्हेंबर 2015 ते फेब्रुवारी 2024 पर्यंत विकले गेले, वर किमान अडीच टक्के व्याजही दिले. सोने कुठल्या कुठे गेले. तुरडाळ आणि तांदूळ यांच्या भावाशी बांधून घेणे त्या मानाने पुष्कळच सोपे. ब्रिटनमध्ये 1975 साली महागाई 20 टक्क्यांच्या वर गेली, तेव्हा तिथल्या सरकारने निर्देशांकाशी जोडलेली बचत प्रमाणपत्रे काढली आणि पहिली काही वर्षे ती फक्त निवृत्तिवयाच्या लोकांनाच दिली. अमेरिकेत असे रोखे 1998 पासून सामान्य लोकांना मिळतात.

निर्देशांक कोणता धरायचा, याचाही विचार व्हावा. 2012 च्या पायावरच्या निर्देशांकात आरोग्याचा वाटा सहा टक्क्यांहून थोडा कमी होता. बोर्डीतल्या कुठल्याही सत्तरीच्या घरात औषधे, तपासण्या आणि दवाखान्याला जाण्यायेण्याचा खर्च याच्या कितीतरी वर निघेल. अमेरिकेचे श्रम सांख्यिकी खाते 62 वर्षांवरील लोकांसाठी वेगळा निर्देशांक प्रयोगादाखल काढते. आपल्याकडे औद्योगिक कामगारांसाठी वेगळा आहे, शेतमजुरांसाठी वेगळा आहे, वृद्धांसाठी नाही.

वेळ आत्ताचीच योग्य आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये किरकोळ महागाईचा दर 0.25 टक्क्यावर आला होता. छप्पर शाकारायचे ते उन्हाळ्यात. 2025 मध्ये आपण रेपो दर 6.5 वरून टप्प्याटप्प्याने 5.25 वर आणला, कर्जदारांचे हप्ते हलके झाले. माझ्या मुलाच्या घराचा हप्ताही त्यात आला, मला त्याचा आनंद आहे. पण त्याच निर्णयाने मुदत ठेवींचे दर उतरले. देशाच्या भल्यासाठी व्याज कमी करावे लागत असेल तर जरूर करावे. ज्यांचे उत्पन्नच व्याज आहे त्यांच्यासाठी दुसरी सोय त्याच हाताने व्हावी, एवढेच म्हणणे आहे.

हे मी ज्यांच्याकडे साठवायला काही होते त्यांच्या वतीने लिहितो आहे. तलासरीच्या पाड्यांवरचे वारली म्हातारे-म्हाताऱ्या श्रावणबाळ योजनेच्या 1,500 रुपयांवर आहेत, आणि त्या रकमेलाही निर्देशांक नाही. तो प्रश्न राज्य सरकारचा आहे, पण आपल्या शब्दाला वजन आहे.

रोखे सरकारचे असतात, हे मला ठाऊक आहे. पण सरकारच्या कर्जाचे व्यवस्थापन आपली बँक करते आणि 2013 ची योजनाही आपल्याच सल्ल्याने आली होती. अर्थ मंत्रालयाकडे नवा प्रस्ताव आपण पाठवावा. त्यात रोखे पोस्टाच्या खिडकीवर मिळावेत, अर्ज मराठीतून असावा आणि मोबाईल ॲप सक्तीचे नसावे, या तीन गोष्टी आवर्जून घालाव्यात.

आपला,
एक निवृत्त कामगार
बोर्डी, ता. डहाणू, जि. पालघर