हिरवळीतील हुमणी आणि श्रावकाचा विवेक

तापीकाठचा सारंगखेडा मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या यात्रेने आणि घोड्यांच्या बाजाराने गजबजतो. एरवी ते कापूस, ऊस, केळी आणि पपईच्या शिवारातले शांत गाव. अशा गावात घरापुढे हौसेने हिरवळ राखणाऱ्या कुटुंबाला भाद्रपदाच्या सुमारास एक अनुभव हटकून येतो. गवतावर पिवळे चट्टे पडतात, ओढताच ते सतरंजीसारखे उचलून येते आणि मुळाशी अर्धचंद्रासारखी वाकलेली, तपकिरी डोक्याची पांढरी अळी दिसते. हीच हुमणी. उसाचा शेतकरी तिला चांगला ओळखतो.

माळी म्हणतो, “शेटजी, औषध टाकून घेऊ.” येथेच श्रावकापुढे पेच उभा राहतो.

त्रस जीवांची संकल्पपूर्वक हिंसा टाळणे हे गृहस्थाचे पहिले अणुव्रत. स्वयंपाक, शेती, व्यापार यांत घडणारी आरंभी व उद्योगी हिंसा शास्त्राने निराळी मानली आहे. परंतु केवळ शोभेच्या गवतासाठी जाणूनबुजून विष पेरणे त्या सवलतीत बसवणे कठीण. ‘औषध’ हा शब्दही फसवा आहे. पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य वर्ज्य सांगितले आहे. मग जे विकू नये, ते स्वतःच्या अंगणात कसे पसरावे? हुमणीवर वर्षानुवर्षे वापरले गेलेले दाणेदार फोरेट तर इतके घातक की, २०२० च्या अखेरीपासून देशात त्याच्या विक्रीवर व वापरावर बंदी आहे. ‘जैविक’ म्हणून मिळणारी मेटारायझियम बुरशी माणसाला त्या मानाने निर्धोक. पण तीही अळीच्या शरीरात वाढून तिला मारतेच.

खरा उपाय अळी होण्यापूर्वीचा आहे. वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या सरींनंतर भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघतात, कडुनिंब-बाभळीचा पाला खातात आणि मातीत अंडी घालतात. ते दिव्याकडे झेपावतात. म्हणून त्या दिवसांत अंगणातील दिवे सायंकाळी बंद ठेवावेत. कच्चे शेणखत अंडी घालण्यास आमंत्रण देते. पूर्ण कुजलेलेच खत घालावे. गवत फार बारीक कापू नये. उंच राखलेल्या गवताची मुळे खोल जातात आणि थोड्या अळ्यांचा उपद्रव ते सहज सोसते. नाजूक विदेशी गवतापेक्षा आपली हरळी अधिक चिवट.

चट्टा दिसला म्हणजे कीडच असे नव्हे. साचलेले पाणी, बुरशी किंवा कडक ऊन यांनीही गवत पिवळे पडते. मुंग्या तर गवत खातच नाहीत. त्यांच्या वारुळावर उकळते पाणी ओतणे ही निष्कारण हिंसा. एका कोपऱ्यातील गवत हलक्या हाताने उचलून पाहिल्यावाचून काहीही करू नये. अळ्या आढळल्याच, तर त्या मातीसकट उचलून पिकापासून दूर, पडीक व सावलीच्या जागी मातीत पुरून सोडाव्यात. सगळ्या वाचतील असे नाही; परंतु मारण्याचा संकल्प तेथे नसतो.

इतके करूनही दर वर्षी हुमणी येत असेल, तर प्रश्न अळीचा राहत नाही, हिरवळीचा होतो. गवत स्वतः वनस्पतिकाय जीव. त्याला कापणे, पाणी देणे हाही आरंभच. अशा वेळी हिरवळ अर्धी करून उरलेल्या जागी फरशी, तुळस, मोगरा, जास्वंद लावावी. अंगणाची शोभा फारशी उणावत नाही आणि चातुर्मासातील प्रतिक्रमणात एक दोष कमी आठवावा लागतो.