धनुष्कोडीचा लोहमार्ग आणि एक सरकारी शेरा

मराठी घरांत काशी आणि रामेश्वर ही नावे जोडीनेच उच्चारली जातात. सेतूची वाळू प्रयागला गंगेत सोडावी आणि गंगेचे पाणी रामेश्वराला वाहावे, तेव्हा यात्रा पुरी होते, हे आजीच्या तोंडून ऐकतच आमची पिढी वाढली. ती वाळू ज्या धनुष्कोडीची, तेथे गेल्या हिवाळ्यात जाण्याचा योग आला. देवदर्शन आदल्या दिवशीच आटोपले होते. मला पाहायची होती ती पंबनहून धनुष्कोडीला जाणारी आणि १९६४ साली एका रात्रीत संपलेली रेल्वे. निदान तिचे जे काही उरले आहे ते.

मुकुंदरायर चत्रम् येथे वाहन सोडले. तेथून जुने गाव सुमारे पाच किलोमीटर. डावीकडे पाल्कची सामुद्रधुनी, उजवीकडे मन्नारचे आखात आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. डांबरी रस्ता टाळून मी वाळूतून चालू लागलो. लोहमार्गाचा माग सलग लागत नाही. मध्येच वाळूतून वर आलेली खडी दिसते, पुन्हा शंभर पावले काहीच नाही. गावाशी आल्यावर मात्र स्थानकाच्या उघड्या भिंती, पाण्याच्या टाकीचे खांब आणि प्रवाळाच्या दगडांचे छप्पर गेलेले चर्च समोर येते. त्यांच्या सावलीला कोळ्यांची जाळी वाळत होती.

आज रामेश्वर हे गाडीचे शेवटचे स्थानक आहे. पण १९१४ साली पंबनचा पूल खुला झाला तेव्हा मुख्य मार्ग धनुष्कोडीचा होता, रामेश्वर ही केवळ शाखा होती. मद्रासहून निघालेली बोट मेल प्रवाशांना येथवर आणी. पुढे आगबोटीने तलैमन्नार आणि तेथून पुन्हा रेल्वेने कोलंबो. त्यामुळे येथे जकातीची कचेरी होती, टपालघर होते, शाळा होती.

२२ डिसेंबर १९६४ च्या मध्यरात्रीच्या सुमारास ६५३ क्रमांकाची पॅसेंजर पंबनहून निघाली. धनुष्कोडी जवळ आले असता समुद्राच्या लाटेने ती अख्खी गाडी गिळली; कोणी वाचले नाही. मृतांचा आकडा सांगितला जातो तो ११५ च्या आसपास, आणि त्याचा आधार काय, तर त्या रात्री पंबनला विकली गेलेली तिकिटे. विनातिकीट प्रवासी धरले तर मृतांची संख्या दोनशेच्या घरात जाईल, असे तेव्हापासून बोलले जाते. ज्याच्यापाशी तिकीट नव्हते तो मेला हे मान्य करायलाही आपल्या दप्तरात रकाना नव्हता. माझ्या मते धनुष्कोडीची पुढची सारी कथा या एका हिशोबात सामावलेली आहे.

त्याच वादळात पंबनच्या पुलाचे बहुसंख्य गाळे वाहून गेले. रेल्वेने दुरुस्तीला सहा महिन्यांची मुदत ठेवली होती, ई. श्रीधरन या तरुण अभियंत्याच्या देखरेखीखाली ते काम ४६ दिवसांत झाले. हा पराक्रम आम्हा सर्वांना प्रशिक्षणात सांगितला जातो, आणि तो सांगण्याजोगाच आहे. मात्र पुलापलीकडे रामेश्वरची शाखा पुन्हा सुरू झाली आणि धनुष्कोडीचा मुख्य मार्ग सोडून देण्यात आला, हे त्या व्याख्यानात येत नाही. तत्कालीन मद्रास सरकारने धनुष्कोडी हे वास्तव्यास अयोग्य असल्याचे जाहीर केले आणि विषय संपवला.

माझा आक्षेप त्या घोषणेला नाही. १९६४ सालच्या डिसेंबरात ती योग्यच असेल. आक्षेप आहे तो अशा घोषणेनंतर जे काहीच घडत नाही, त्याला. कोळी समुद्राला सोडून जात नसतो. माणसे परतली, झोपड्या उभ्या राहिल्या, मुले जन्मली. सरकारने त्यांना तेथून हलवले नाही आणि त्यांना तेथले रहिवासी मानून वागवलेही नाही. दशकानुदशके ती वस्ती विजेविना, वाळूत खणलेल्या झऱ्याच्या पाण्यावर राहिली. 'अयोग्य' हा शेरा रहिवाशांवर बंधन म्हणून कधी लागू झाला नाही. तो लागू झाला केवळ शासनाच्या कर्तव्यातून सूट म्हणून.

वाचकहो, हे मी दुसऱ्यांच्या दप्तराकडे बोट दाखवून लिहीत नाही. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत एका नदीकाठच्या पाड्याच्या कागदांवर 'पूरप्रवण, कायम वास्तव्यास अयोग्य' असा शेरा मी स्वतः मारला आहे. हेतू चांगला होता. पुढे त्याच शेऱ्याच्या आधारे त्या पाड्याची वीजजोडणी नाकारली गेली, मग अंगणवाडी, मग रस्ता. बदलीपूर्वी तेथील एक वृद्ध बाई कचेरीत आली आणि म्हणाली, "साहेब, तुम्ही आम्हाला जा म्हणत नाही आणि राहाही म्हणत नाही." माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुनर्वसनाचा प्रस्ताव मी पाठवलाच नव्हता, कारण शेरा मारल्यावर माझ्या टेबलावरचे काम संपले होते.

यावर दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले, समुद्र पुन्हा येईल. येईलच, २००४ च्या त्सुनामीनंतर या किनाऱ्यावर तरी कोणी हे नाकारणार नाही. परंतु धोका खरा असेल तर माणसांना उपजीविकेसह सुरक्षित जागी नेणे, किंवा असतील तेथे त्यांच्यासाठी निवारा आणि पूर्वसूचनेची सोय करणे, एवढे दोनच प्रामाणिक मार्ग उरतात. न पाहणे हा तिसरा मार्ग नव्हे. दुसरे उत्तर, मूठभर माणसांसाठी एवढा खर्च कशाला? ते मात्र आता टिकत नाही. २०१७ मध्ये याच वाळूवरून अरिचलमुनैच्या टोकापर्यंत साडेनऊ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. २०१९ मध्ये रामेश्वर ते धनुष्कोडी या नव्या लोहमार्गाची पायाभरणी झाली. तो मार्ग झालेला नाही, पण त्यासाठी दोनशे कोटींहून अधिक खर्चाचा अंदाज मांडला गेला होता. २०२५ मध्ये येथे रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य जाहीर झाले, ते स्वागतार्हच आहे. म्हणजे ही जमीन पर्यटकाला योग्य ठरली, गाडीला योग्य ठरली, पक्ष्यांनाही योग्य ठरली. तेथेच राहणाऱ्या कोळ्याचा विचार मात्र या प्रत्येक फायलीत सर्वांत शेवटी होतो.

उपाय अवघड नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या आराखड्याचा दरवर्षी आढावा घ्यावा लागतो. त्या आढाव्यात 'वास्तव्यास अयोग्य' म्हणून जाहीर झालेल्या प्रत्येक जागेची नोंद असावी. आज तेथे कितीजण राहतात, त्यांची नावनिशीवार यादी कोठे आहे, आणि स्थलांतर की संरक्षण, यांपैकी कोणता निर्णय कोणी घेतला, या तीन प्रश्नांची उत्तरे जिल्हाधिकाऱ्याने सहीनिशी द्यावीत. ज्या वर्षी उत्तर नसेल त्या वर्षी तो शेरा आपोआप रद्द समजावा. असा नियम असता तर माझा प्रस्ताव पहिल्याच वर्षी गेला असता, हे मी स्वानुभवाने सांगतो.

आपल्या एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, ही कथा आपण मुलांना कौतुकाने सांगतो. कावड देवळापर्यंत पोचली नाही म्हणून नाथांची यात्रा अपुरी राहिली, असे कोणी म्हणत नाही. आम्ही अधिकारी मात्र कावड वेळेवर पोचवल्याचे अहवाल लिहितो.

परतताना स्थानकाच्या भिंतीशी जाळे विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याला माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारले, येथे किती वर्षे राहता? तो हसला आणि म्हणाला, जन्मापासून. त्याच्या पाठीमागे स्थानकाची कमान होती, आणि त्या कमानीखाली रूळ नव्हते.