मौनाचा होकार

जून-जुलैमध्ये वरळी कोळीवाड्यातल्या होड्या किनाऱ्याला लागतात. मासेमारी बंद, रोजची आवक बंद. पण घरखर्च, जाळ्यांची डागडुजी, इंजिनाचे काम आणि मुलांची फी यांना पावसाळ्याची सुट्टी नसते. म्हणून शहाणी कोळीण मे महिन्यात सुटेल अशी मुदत ठेव करते. नारळी पौर्णिमेपर्यंतचा तो आधार. आणि गरज पडते तेव्हा कळते की ठेव पुन्हा वर्षभरासाठी गुंतली आहे. अर्जावर बारीक अक्षरांत छापलेले असते : खातेदाराची वेगळी सूचना नसल्यास मुदतीअखेर ठेवीचे आपोआप नूतनीकरण होईल. ठेव मोडता येते, पण बहुधा व्याजावर पाणी सोडून.

बँकेच्या नोकरीत काउंटरच्या आतून मी हे अनेकदा पाहिले. तरीही या कलमाला सरसकट दोष देणार नाही. मुदत संपलेली ठेव तशीच पडून राहिली, तर रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2021 च्या नियमानुसार तिच्यावर बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यांपैकी जो कमी असेल तोच मिळतो. विसराळू माणसाला नूतनीकरण तारते. प्रश्न एवढाच की, निर्णय कोणाचा?

गप्प बसणे म्हणजे संमती नव्हे, हे कायद्याचे जुने तत्त्व. 1862 साली इंग्लंडमध्ये एका काकाने पुतण्याला कळवले की उत्तर आले नाही तर घोडा माझा झाला असे समजेन. न्यायालयाने ते मानले नाही. आजचे करार या तत्त्वाला मोठ्या खुबीने बगल देतात. पुढच्या वर्षीच्या आपल्या मौनावर ते आजच आपली सही घेऊन ठेवतात.

कार्डावरून परस्पर कापल्या जाणाऱ्या वर्गण्यांना थोडा लगाम बसला आहे. ऑक्टोबर 2021 पासून पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला कळवणे बंधनकारक झाले. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 13 फसव्या क्लृप्त्यांची यादी जाहीर केली. आत शिरणे सोपे आणि बाहेर पडणे अवघड करणारा वर्गणीचा सापळा तीत आहे. पण पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची वार्षिक देखभाल, व्यायामशाळा, दुकानातल्या फ्रीजरचे भाडे अशा कागदी करारांत आपली राखण आपल्यालाच करावी लागते.

याबाबतीत आपला अकरा महिन्यांचा भाडेकरार शहाणा. तो बहुधा आपण होऊन संपतो. मग मालक आणि राहणारा समोरासमोर बसतात, भाडे आणि अनामत यांवर नव्याने बोलतात. नूतनीकरण असे असावे.

छापील कराराशी घासाघीस होत नाही, अशी आपली समजूत आहे. पापलेटच्या भावावर अर्धा तास घालवणारा माणूस तिथे मुकाट्याने सही करतो. याच कोळीवाड्याने वेगळा धडा दिला आहे. सागरी किनारा मार्गाच्या खांबांमधले अंतर 60 मीटर ठरले होते. होड्यांना वाट हवी म्हणून मच्छीमार अडून बसले आणि डिसेंबर 2022 मध्ये सरकारने ते 120 मीटर करण्याचे मान्य केले. ठरलेले बदलते, मात्र त्यासाठी कोणीतरी विचारावे लागते.

तेव्हा सहीपूर्वी चार गोष्टी विचारा. नको असल्यास किती दिवस आधी कळवायचे? नवा दर कोण ठरवणार? नवी मुदत किती? मध्येच सोडले तर भुर्दंड किती? उत्तर पटले नाही तर कलम खोडून ‘लेखी संमतीशिवाय नूतनीकरण नाही’ असे लिहा आणि त्यापुढे दोन्ही पक्षांच्या सह्या घ्या. नकाराचे पत्र दिले की पोच घ्या. ठेवीच्या अर्जावर तर ‘मुदतीअखेर रक्कम बचत खात्यात जमा करा’ हा पर्याय बहुधा असतोच. फक्त खूण करायची.

बँकांनीही एवढे करावे : या कलमापुढे वेगळी सही घ्यावी आणि मुदत संपण्याच्या पंधरवडाभर आधी मराठीत विचारावे. ते होईपर्यंत भिंतीवरच्या कॅलेंडरात, संकष्टी-एकादशीच्या शेजारी, मुदतीच्या महिनाभर आधीची तारीख स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेली बरी.