ओवाळणी घेतली, मग मत कुणाला?

परवा भिशीला शेजारच्या काकू म्हणाल्या, "२०२४ ला विधानसभेच्या मतदानाला मी आपणहून गेले. दीड हजार घेतले, मग त्यांना मत द्यायला नको?" सगळ्या हसल्या. मला मात्र ते वाक्य घरी येईपर्यंत सोडेना.

काकू एकट्या नव्हत्या. २०१९ च्या विधानसभेला राज्यातल्या सुमारे ५९ टक्के महिलांनी मतदान केलं होतं. 'लाडकी बहीण' आल्यानंतर, २०२४ ला ६५ टक्के. सगळं श्रेय योजनेचं नसेल, पण काही वाटा नक्कीच असणार.

लोकानुनय करणारे पक्ष घरी बसलेल्यांना मतदान केंद्रापर्यंत आणतात. पण मैत्रिणींनो, ते आपल्या विरोधकांनाही घराबाहेर काढतात! पोलंडचंच बघा. 'खरी जनता आमच्याच पाठीशी' असं म्हणणारा 'कायदा आणि न्याय' पक्ष २०१५ मध्ये जिंकला, तेव्हा मतदान होतं जेमतेम ५१ टक्के. २०१६ मध्ये त्यांनी दुसऱ्या मुलापासून दरमहा ५०० झ्लॉटी (तिथलं चलन) सुरू केले, २०१९ मध्ये पहिल्या मुलालाही. त्या वर्षी मतदान ६२ टक्क्यांजवळ गेलं आणि पक्ष पुन्हा जिंकला.

मग २०२० मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने गर्भपाताचा हक्क जवळजवळ काढूनच घेतला. त्या न्यायालयावर सरकारचीच छाप होती, हे बायकांना ठाऊक होतं. त्या हजारोंनी रस्त्यावर उतरल्या. २०२३ ला मतदान झालं ७४ टक्के, १९८९ नंतरचं सर्वाधिक. व्रोत्सवाफ शहरात एका केंद्रावर तर रात्री तीनच्या सुमारापर्यंत रांग होती. पक्षाला सर्वांत जास्त जागा मिळाल्या, पण बहुमत गेलं आणि सत्ताही.

आणि मुलांचे पैसे? ते बंद नाही झाले. जुन्या सरकारने ठरवलेले ८०० झ्लॉटी जानेवारी २०२४ पासून नव्या सरकारने दिले. कारण पैसा पक्षाच्या खिशातला नव्हता, तिजोरीतला होता. आपल्याकडेही तेच. काडेपेटीपासून साडीपर्यंत आपण कर भरतोच की.

हे सगळं मी काकूंना जाऊन सांगितलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पैसे घ्यायचे, आणि नळाला आठवड्यातून एकदाच पाणी का, तेही विचारायचं?"

म्हटलं, "हो काकू. आणि मत त्यावरच ठरवायचं."